गौण पात्रांचे कैवारी

'उपेक्षितांना न्याय' हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत इतका रुळला आहे की तो वापरताना आता कोणी थबकत नाही. एखाद्या लेखकाने महाकाव्यातील, नाटकातील किंवा लोकप्रिय कादंबरीतील कोपऱ्यातले पात्र उचलले, त्याला दोनशे पाने दिली, त्याच्या तोंडी प्रथमपुरुषी निवेदन घातले, की परीक्षणात ठरलेले वाक्य येते: लेखकाने या उपेक्षित व्यक्तिरेखेला न्याय दिला आहे. माझी तक्रार या न्यायाबद्दल आहे. बहुतेक वेळा तो न्याय नसतोच, ती बढती असते; आणि ती देताना मूळ कारकुनाला घरी पाठवून त्याच्या खुर्चीवर त्याच नावाचा दुसराच कोणी आणून बसवलेला असतो.

हा प्रकार सर्वांत उघडपणे पाहायचा असेल तर फॅनफिक्शनकडे वळावे. प्रकाशित कृतीतील पात्रे आणि त्यांचे विश्व उचलून चाहत्यांनी, बहुधा विनामोबदला, लिहिलेल्या कथा म्हणजे फॅनफिक्शन. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रिकांतून असे लेखन सुरू केले. आज त्याचा पसारा अवाढव्य आहे, आणि २०१९ साली 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांनीच चालवलेल्या कथासंग्रहाला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. आपल्या मराठी विभागांत मात्र या लेखनाचे नाव काढले की अजूनही नाके मुरडली जातात: उसनवारी, पोरखेळ, वगैरे. ज्यांनी आयुष्यभर 'ययाति' आणि 'मृत्युंजय' शिकवले त्यांनी उसन्या पात्रांना हसावे यातली गंमत त्यांच्या लक्षात येत नाही. महाभारत ही सर्वांची संपत्ती आणि हॅरी पॉटर एका लेखिकेच्या मालकीचा, हा फरक कायद्यापुरता खरा आहे. दुसऱ्याने घडवलेल्या पात्राला हात घालताना लेखकापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते दोन्हीकडे सारखेच.

त्यातला सर्वांत अवघड प्रश्न गौण पात्राचा. समज नेमका उलट आहे. नायकाबद्दल सर्व काही सांगून झालेले असते, म्हणून तो अवघड. गौण पात्राबद्दल काहीच सांगितलेले नसते, म्हणून तेथे मोकळे रान. मला हे मुळातच मान्य नाही. गौण पात्राबद्दल मूळ संहितेत चार ओळी असतात. त्या चारच असल्यामुळे त्यांतली प्रत्येक ओळ बंधनकारक होते. नायकाच्या हजार वाक्यांतले एखादे वाक्य विसरले तर तो ओळखू येण्याइतका उरतो. गौण पात्राचे एक वाक्य पुसले की पाव माणूस गेला.

या गैरसमजाचे मूळ आपल्या वर्गांतच आहे. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली सपाट आणि गोलाकार पात्रांचा भेद मांडला. आपण तो नोट्समध्ये उतरवला आणि विद्यार्थ्यांनी त्यातून एवढेच घेतले की सपाट म्हणजे नापास. प्रत्यक्षात फॉर्स्टर सपाट पात्रांचे उपयोग सांगतो, आणि डिकन्सची पात्रे जवळजवळ सगळी सपाट असूनही त्यांच्यात खोलीचा भास कसा होतो या कोड्याशी तो प्रामाणिकपणे झुंजतो. ते पान परीक्षेला येत नाही. मग असे शिकलेला विद्यार्थी लिहायला बसला की त्याला प्रत्येक सपाट पात्र हा एक आजारी माणूस दिसतो आणि तो त्याला बरे करायला निघतो. औषधेही ठरलेली: एक क्रूर बाप, एक गुप्त प्रतिभा, एक अव्यक्त प्रेम.

उदाहरण घेऊ. १९९७ साली आलेल्या पहिल्या हॅरी पॉटर पुस्तकात नव्या विद्यार्थ्यांची शाळेच्या चार 'घरां'त वाटणी होते. यादीतले शेवटचे नाव ब्लेझ झबिनी. ते मूल स्लिदरिन या घरात जाते, आणि विषय संपतो. मुलगा की मुलगी तेही त्या वाक्यातून कळत नाही. इंग्रजीत ते सांगण्याची सक्ती नाही आणि ब्लेझ हे नाव दोघांनाही चालते. (मराठी लेखकाला ही चैन परवडत नाही. 'गेला' की 'गेली' हे ठरवल्याशिवाय आपले साधे भूतकाळी वाक्यही पुरे होत नाही. आपल्या व्याकरणात गौणातल्या गौण पात्रालाही निदान लिंग तरी द्यावेच लागते.)

पुढची आठ वर्षे चाहत्यांनी या एका नावावर अक्षरशः संसार थाटले. कोणी तिला मुलगी केले. कोणी त्याला गोऱ्या, फिकट, इटालियन घराण्यातला उमराव केले. स्लिदरिन हे खलपक्षाचे घर. पण झबिनी मात्र देखणा, उपरोधिक बोलणारा, घराच्या पापांपासून अलिप्त आणि आतून हळवा. २००५ साली सहावे पुस्तक आले आणि लेखिकेने त्याला पहिल्यांदा प्रकाशात आणले. तो उंच, काळा, उंच गालफडांचा आणि गर्विष्ठ मुलगा निघाला. त्याची आई सौंदर्यासाठी प्रसिद्ध. तिचे सात नवरे एकामागून एक संशयास्पद रीतीने मेलेले आणि प्रत्येकाने सोन्याच्या राशी मागे ठेवलेल्या. रेल्वेच्या डब्यात मित्रांच्या घोळक्यात एका मुलीचा विषय निघतो, तेव्हा ती देखणी असली तरी तिच्या घराण्याने रक्ताशी द्रोह केलेला असल्यामुळे आपण तिला शिवणारही नाही, अशा आशयाचे तो बोलतो.

चाहत्यांचा अंदाज चुकला म्हणून मी हसत नाही. अंदाज कोणाचाही चुकेल, आणि लेखकाचे पुढचे पुस्तक ही वाचकांची गुणपत्रिका नव्हे. माझा आक्षेप २००५ नंतरच्या कथांना आहे. झबिनीचे काळे असणे काहींना पचायला जड गेले; तो अध्याय लाजिरवाणा आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. आईचे सात नवरे मात्र सर्वांनी आनंदाने स्वीकारले, कारण त्यात मसाला होता. डब्यातले ते वाक्य तेवढे वाळीत पडले. मी वाचलेल्या बहुतेक कथांत एक तर ते घडलेलेच नसते, किंवा तो मित्रांना खूश करण्यासाठी तसे बोलला असतो, किंवा मनातून त्या मुलीवरच त्याचे प्रेम असते. मूळ लेखिकेने त्याला मोजकी वाक्ये दिली. त्यांतले जे एक त्याच्या मनाची खरी घडण सांगते, रक्ताच्या शुद्धतेचा तो निर्विकार, सवयीचा अहंकार, तेच नेमके खोडून टाकले. आणि याला म्हणायचे व्यक्तिरेखेची उभारणी!

त्याच वाक्यावर बोट ठेवून लिहिले असते तर काय हाती लागले असते? सहाव्या पुस्तकात ड्रॅको मॅल्फॉय या स्लिदरिनच्याच मुलावर मुख्याध्यापकांना ठार करण्याची कामगिरी आहे. तो वर्षभर शाळेतल्या एका गुप्त खोलीत एक मोडके जादूचे कपाट दुरुस्त करत बसतो. नायक हॅरी त्याच्या मागावर आहे. या शाळेत एका घरातली, एका वर्षाची मुले एकाच शयनगृहात झोपतात. म्हणजे झबिनीच्या शेजारचा पलंग रात्रीमागून रात्री रिकामा आहे. त्याला काय दिसते? रिकामा पलंग. तो काय समजतो? कदाचित प्रेमप्रकरण, कदाचित फाजील बढाई. कदाचित त्याला फरकच पडत नाही. एक खून शिजतो आहे आणि सर्वांत जवळ झोपणारा मुलगा स्वतःच्या रूपात, आईच्या आठव्या लग्नाच्या काळजीत आणि आपल्या उच्च रक्ताच्या समाधानात गर्क आहे. (आठवे लग्न माझे, तेवढी मोकळीक मी घेतो.) ही कथा भयंकर होऊ शकते, आणि ती फक्त गौण पात्रच सांगू शकते. न कळणे हे त्याचे भांडवल आहे. चाहत्यांच्या कथांत मात्र झबिनीला पहिल्या आठवड्यातच सगळे कळलेले असते. तो मॅल्फॉयला सावरतो, हॅरीला गुप्तपणे सूचना देतो आणि शेवटच्या लढाईत बाजू बदलतो. म्हणजे त्या कथेत दोन नायक होतात आणि झबिनी कुठेच राहत नाही.

चित्रपटवाल्यांनी याच्या अगदी उलट टोक गाठले. २०११च्या शेवटच्या चित्रपटात मॅल्फॉयच्या दोन साथीदारांपैकी क्रॅबची भूमिका करणारा नट उपलब्ध नव्हता, तर त्याच्या जागी झबिनीला उभे केले. एक गेला, दुसरा आणला. अॅलेक्स वोलोक या अभ्यासकाने २००३च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की कादंबरीत गौण पात्राची दोन प्रकारे वाट लागते: एक तर ते कोणाच्याही जागी कोणीही चालेल असे राबणारे हात होते, किंवा विक्षिप्त होऊन फुटते. चाहत्यांनी तिसरी वाट शोधली आहे: त्याला नायक करून संपवणे.

आता कोणी म्हणेल, ही हौशी मंडळी, बहुतेक तरुण. त्यांच्यावर तोफ डागण्याचे कारण काय? कारण असे की मूळ संहिता त्यांच्याइतकी बारकाईने आपले एम. ए.चे विद्यार्थी क्वचित वाचतात. कोणते पात्र कोणत्या प्रकरणात, कोणाच्या शेजारी बसले होते हे त्यांना तोंडपाठ असते. मूळ कृतीत जे आहे त्याला ते 'कॅनन' म्हणतात आणि चाहत्यांच्या सततच्या लेखनातून जे खरे मानले जाऊ लागले त्याला 'फॅनन'. हा भेद करणारी परिभाषा त्यांनी स्वतः घडवली आहे. आपल्या पौराणिक कादंबऱ्यांच्या समीक्षेत व्यासांचे काय आणि कादंबरीकाराचे काय हे वेगळे सांगणारे असे दोन सुटसुटीत शब्द मला आजवर सापडलेले नाहीत. ज्यांनी एवढी जाण दाखवली त्यांच्याकडून मोठी अपेक्षा ठेवणे हा त्यांचा अपमान नव्हे.

शिवाय आत्मपूजेची थट्टा करण्याची परंपराही त्यांच्याच घरातली आहे. १९७३ साली पॉला स्मिथने 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या कथांवर एक छोटे विडंबन लिहिले. त्याची नायिका मेरी स्यू ही साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट. सर्वांहून हुशार, सर्वांची लाडकी. तेव्हापासून लेखकाच्या इच्छापूर्तीसाठी आणलेल्या नव्या पात्राला मेरी स्यू म्हणतात आणि चाहते अशा पात्राला चटकन पकडतात. पण मेरी स्यू पकडली गेली ती नवी होती म्हणून. तीच जर मूळ कृतीतल्या एखाद्या एकोळी पात्राचे नाव घेऊन आली असती, तर तिला 'उपेक्षितेला न्याय' म्हणून मान मिळाला असता.

मग गौण पात्रावर लिहूच नये काय? जरूर लिहावे, आणि ते जमलेलेही आहे. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधले नोकर घ्या. बेनेट कुटुंबाच्या घरात नोकर आहेत हे ऑस्टिन आपल्याला जाता जाता कळू देते. सारा या मोलकरणीचे नाव येते ते हाक मारण्यापुरते. पाऊस लागून राहिल्यामुळे नेदरफील्डच्या नाचासाठी बुटांवर लावायची फुले मुलींना दुसऱ्या कोणाला तरी पाठवून आणवावी लागली, एवढे ऑस्टिन सांगते. 'दुसऱ्या कोणाला तरी' म्हणजे कोणाला? जो बेकरची 'लाँगबोर्न' ही २०१३ची कादंबरी या प्रश्नात उभी आहे. त्या पावसात सारा जाते. एलिझाबेथ चिखल तुडवत तीन मैल चालत जाते, तो प्रसंग आपण तिच्या स्वतंत्र वृत्तीचा पुरावा म्हणून शिकवतो. बेकरच्या कादंबरीत तो चिखल धुवायला लागणारे हात आहेत, आणि त्या हातांना थंडीने पडलेल्या भेगा आहेत. डार्सी आणि एलिझाबेथ यांचे प्रेम म्हणजे माडीवरचा आवाज. सारा मोठी झालेली नाही. ती जेथे होती तेथेच आहे, फक्त आपण तिच्या बाजूला येऊन उभे राहिलो आहोत. जागा देणे म्हणजे हे.

(बेकरलाही मोह आवरलेला नाही. नवा नोकर जेम्स हा घरमालक बेनेट यांचाच अनौरस मुलगा निघतो. नोकराच्या प्रेमाला वजन यावे म्हणून त्याच्या अंगात मालकाचे रक्त घालायची गरज काय होती? त्या एका गुपिताने अख्खी कादंबरी मला थोडी स्वस्त वाटू लागली.)

टॉम स्टॉपार्डने १९६६ साली हॅम्लेटच्या दोन मित्रांवर नाटक केले, तेव्हा त्यांना शहाणपण दिले नाही. आपल्याला कशाला बोलावले आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. जीन ऱ्हीसने त्याच वर्षी 'जेन एअर'मधल्या माळ्यावरच्या वेडीला कॅरिबियन बेटांवरचे बालपण दिले, पण माळा काढून घेतला नाही. एवढे पुरे.

रक्ताचा हा जो मोह आहे, तो आपल्या घरात अधिक जुना आणि अधिक प्रतिष्ठित आहे. रवींद्रनाथांनी १९०० साली ऊर्मिला, अनसूया-प्रियंवदा, पत्रलेखा या काव्यातल्या उपेक्षितांवर निबंध लिहिला आणि भारतीय भाषांत उपेक्षितांच्या कैवाराला तोंड फुटले. मैथिलीशरण गुप्तांचे 'साकेत' त्याच ओघातले. मराठीत हा कैवार सर्वांत लोकप्रिय झाला तो कर्णाच्या रूपाने. कर्ण गौण नव्हेच. पण त्याचे चाहते त्याच्याकडे कायम उपेक्षित म्हणून पाहत आले. मला बोलायचे आहे ते त्याच्या शेजारच्या माणसाबद्दल.

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) सहा निवेदक आहेत: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. त्यातला शोण हा कर्णाचा सूतघरातला धाकटा भाऊ. व्यासांच्या ग्रंथात कर्णाच्या या भावंडांना जवळजवळ चेहराच नाही. युद्धातल्या मरणांच्या नोंदींत कोणाचे तरी नाव येते, इतकेच. सावंतांनी त्यातून एक निवेदक घडवला ही कल्पना, सांगायलाच हवे, असामान्य होती. अधिरथाचा पोटचा मुलगा, सारथ्याच्या घरात जन्मलेला आणि त्याच घरात वाढलेला. कर्णाची कवचकुंडले त्याला नाहीत, सूर्य त्याचा बाप नाही, कुंती त्याची आई नाही. कर्णाचे सारे दुःख हे की क्षत्रिय असून जगाने त्याला सूतपुत्र म्हटले. शोण खरोखरच सूतपुत्र आहे. भर सभेत 'सूतपुत्र' हा शब्द शिवी म्हणून फेकला जातो तेव्हा कर्णाला तो चुकीच्या पत्त्यावर आलेला असतो. शोणाला तो बरोबर पत्त्यावर येतो. त्या शब्दाने शोणाचे काय होते?

हा प्रश्न कादंबरीला पडत नाही. शोणाला पाने मिळाली, आवाज मिळाला, 'मी' हे सर्वनाम मिळाले; पण त्या पानांवर सर्वत्र कर्णच आहे, कर्णाचे तेज, कर्णाची काळजी, कर्णाचे दुःख. शोण हा भक्त आणि साक्षीदार. झबिनीला नायक करून संपवले, शोणाला आरसा करून. ज्या कादंबरीवर मराठी वाचकाने जन्माधिष्ठित अन्यायाविरुद्धची कादंबरी म्हणून इतके प्रेम केले, तिच्यात खऱ्या सूतपुत्राला स्वतःबद्दल फारसे बोलायचे नसते, हे आपण वर्गात कितीदा बोलून दाखवतो? कर्णाला न्याय हवा तो त्याचे खरे रक्त मान्य करून. ज्याचे खरे रक्त सारथ्याचेच आहे त्याने कोणाकडे जायचे? त्याच वर्षी आलेल्या 'युगान्त'मध्ये इरावती कर्वे कर्णाकडे इतक्या कोरड्या, हिशेबी नजरेने पाहतात, की ती दोन पुस्तके शेजारी ठेवून शिकवायला हवीत. आपण बहुधा एकच शिकवतो.

आवाज दिला म्हणजे झाले, या समजुतीला शोण हे पुरेसे उत्तर आहे. तरीही ज्या विद्यार्थ्यांना महाभारतातले गौण पात्र घेऊन लिहायचे असेल त्यांना मी विकर्ण सुचवतो, कारण तेथे पळवाटा कमी आहेत. द्रौपदीला सभेत ओढून आणल्यावर वडीलधारे गप्प बसतात आणि धृतराष्ट्राचा हा मुलगा उठून सांगतो की तिला पणाला लावणे धर्माला धरून नव्हते. कर्ण त्याला झिडकारतो. (कर्णाचे चाहते हे पान भराभर उलटतात.) विकर्ण खाली बसतो. पुढे विराटाच्या गायी पळवायला कौरव जातात, तेव्हा तो त्यांच्यात आहे. युद्धात तो भावांच्या बाजूने लढतो, आणि भीम त्याला मारतो. मारताना भीमालाही हळहळ वाटते. बस्स.

यातून बहुतेक जण बंडखोर विकर्ण काढतात: तळमळणारा, रात्री जागणारा, पांडवांशी गुप्त संधान असलेला, युद्धात मुद्दाम हरणारा. संहितेत यातले काही नाही. संहितेत आहे ते फार साधे आणि फार अडचणीचे: जे बरोबर होते ते तो योग्य वेळी, मोठ्याने बोलला, आणि त्यानंतर तेरा वर्षे त्याच घरात जेवला. या तेरा वर्षांवर लिहा. सभेतले ते भाषण घरात थट्टेचा विषय झाले असेल का? त्याची बायको त्याला ते भाषण आठवून देत असेल की विसरायला सांगत असेल? दुःशासन त्याच्या शेजारी बसत असेल तेव्हा दोघे कशावर बोलत असतील? उत्तरे लेखकाने शोधावीत. पण विकर्णाला सज्जनही राहू द्यावे आणि दुर्योधनाच्या पंगतीतही राहू द्यावे.

आणि त्याला दुसरा मार्गच नव्हता, भावांची निष्ठा, कुळाचे बंधन, असले समर्थन लिहायला हात वळू लागला, तर त्याच संहितेत थोडे पुढे वाचावे. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून आपल्या बाजूला येऊ इच्छिणाऱ्याला बोलावतो, आणि धृतराष्ट्राचाच एक मुलगा, वैश्य स्त्रीच्या पोटी जन्मलेला, कौरवांची बाजू सोडून चालत पलीकडे जातो. तो युद्धातून वाचतो, आणि पांडव शेवटच्या प्रवासाला निघतात तेव्हा राज्याची देखरेख त्याच्याकडे सोपवली जाते. विकर्णावर ज्यांना लिहायचे आहे त्यांनी या युयुत्सूला कादंबरीतून वगळू नये, एवढीच माझी अट आहे.